कापसाचा काटा आणि दूरचा पोर्ट : एका केबलचा दीडशे वर्षांचा प्रवास

१/ हिवाळ्याच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकातून आत येतात आणि प्रथम काट्यावर उभ्या राहतात. भरलेली गाडी एकदा, रिकामी गाडी पुन्हा एकदा. त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीवर एका कुटुंबाचे वर्ष ठरते. काट्यावरचा आकडा कार्यालयातील संगणकापर्यंत ज्या वाटेने पोहोचतो, त्या वाटेचा हा इतिहास. #धागा #इतिहास

२/ विदर्भात ज्याला धरमकाटा म्हणतात त्या मोठ्या वजनकाट्याखाली भारमापक पेशी बसवलेल्या असतात. त्यांचा सूक्ष्म विद्युत-संकेत दर्शक-यंत्रात जातो आणि तेथे किलोग्रॅम उमटतात. या यंत्राच्या पाठीमागे बहुधा नऊ टाचण्यांचे एक जुने सॉकेट असते : सिरीयल पोर्ट. त्यातून वजनाचे अंक एकामागून एक, रांगेने बाहेर पडतात.

३/ अडचण अंतराची आहे. या पोर्टच्या आर.एस.-२३२ या मानकाने केबलसाठी सुमारे ५० फूट, म्हणजे १५ मीटर, इतकेच अंतर गृहीत धरले होते. काटा फाटकाशी आणि कार्यालय आवाराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर ती केबल पुरत नाही. आज तेथे एक छोटी पेटी बसवतात. पेटीच्या एका बाजूला काट्याची केबल, दुसऱ्या बाजूला नेटवर्क. दूरच्या संगणकाला मात्र वाटते की काटा आपल्याच पाठीला जोडलेला आहे. दूरचे यंत्र जवळचे भासवण्याची ही युक्ती आली कुठून?

४/ तिचे मूळ तारयंत्रात आहे, आणि त्या कथेतही कापूस आहेच. १८५३ च्या तहानुसार निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते.

५/ त्याच १८७० साली समुद्राखालील केबलने मुंबई इंग्लंडला जोडली गेली. लिव्हरपूलच्या बाजाराची खबर टपालाच्या बोटीने यायला आठवडे लागत. आता ती तारेने येऊ लागली. परंतु तार उतरे ती तारघरात, आणि तारघराची पायरी चढे तो व्यापारी. कापूस पिकवणाऱ्याला भाव कळे तो सर्वांत शेवटी आणि दुसऱ्याच्या तोंडून. वेगवान तार आली म्हणून माहिती सर्वांना सारखी मिळाली, असे झाले नाही. हा धडा पुढेही उपयोगी पडतो.

६/ आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वूण’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. मुंबई–नागपूर हा मुख्य लोहमार्ग यवतमाळ शहराला वळसा घालून गेला. शहराच्या वाट्याला आला तो मूर्तिजापूरकडे जाणारा अरुंद मार्ग, रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. त्यावरची गाडी पुढे ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध झाली. जाळ्याच्या शेवटच्या टोकाला असणे म्हणजे काय, हे या शहराला संगणक येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

७/ तारेचे तंत्र पाहिले तर सिरीयल पोर्टचा आत्मा तेथेच सापडतो. तार एकच, म्हणून सगळी अक्षरे एकाच वेळी पाठवता येत नाहीत. ती एकामागून एक जातात. १८७४ मध्ये फ्रान्सच्या एमिल बोदो याने प्रत्येक अक्षराला पाच संकेतांची सारख्याच लांबीची खूण दिली. मोर्सच्या लिपीत अक्षरांची लांबी कमीजास्त होती. बोदोच्या लिपीत ती एकसमान झाली आणि यंत्राला वाचता येऊ लागली. संकेतांच्या वेगाचे ‘बॉड’ हे एकक त्याच्याच नावावरून आले.

८/ पुढचा प्रश्न होता तो वेळेचा. दूरच्या यंत्राला अक्षर कधी सुरू झाले हे कळावे कसे? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चार्ल्स आणि हॉवर्ड क्रम या पितापुत्रांनी यावर उत्तर दिले. प्रत्येक अक्षराआधी ‘सुरू’ची खूण आणि अक्षरानंतर ‘थांब’ची खूण. दोन्ही टोकांची घड्याळे दर अक्षरागणिक नव्याने जुळू लागली. आज यवतमाळच्या काट्यामागून निघणारा प्रत्येक अंक याच दोन खुणांच्या मध्ये बसून प्रवास करतो. शंभर वर्षांत हे बदललेले नाही.

९/ टेलिप्रिंटर आणि गणकयंत्र यांची गाठ ११ सप्टेंबर १९४० रोजी पडली. अमेरिकेत हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची सभा भरली होती. जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तेथे एक टेलिप्रिंटर मांडला. त्यांचे गणकयंत्र मात्र न्यूयॉर्कला होते. सभेतील मंडळी उदाहरण टंकित करत आणि थोड्याच वेळात उत्तर तारेने परत येई. यंत्र दूर, बोटे इथे. दूरस्थ संगणनाचा हा पहिला जाहीर प्रयोग मानला जातो.

१०/ १९६० च्या दशकात एकच महागडा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत आली आणि प्रत्येकासमोर टेलिप्रिंटर ठेवला जाऊ लागला. १९६३ चा ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ त्यांतील सर्वांत गाजलेला. त्याचा वेग सेकंदाला दहा अक्षरे. युनिक्स आणि लिनक्स प्रणालींत टर्मिनलला आजही ‘टी-टी-वाय’ म्हणतात, ते ‘टेलिटाइप’चेच लघुरूप. यंत्र भंगारात गेले, नाव मात्र उरले.

११/ १९६० मध्ये आर.एस.-२३२ हे मानक आले आणि १९६९ मध्ये त्याची ‘सी’ आवृत्ती रूढ झाली. या केबलमधून केवळ अक्षरे जात नाहीत, हे येथे नीट समजून घ्यावे. दोन तारा अक्षरांच्या, एक जमिनीची, आणि बाकीच्या खुणांच्या : ‘मी सज्ज आहे’, ‘पाठवू का?’, ‘पाठव’, ‘पलीकडे कोणी आहे’. बाजारात मापारी तोंडाने वजन पुकारतो आणि हाताने हमालाला ‘थांब’, ‘उचल’ असे खुणावतो. पुकारा आणि खूण, दोन्ही मिळून काम होते. सिरीयल पोर्टचेही तसेच आहे.

१२/ पन्नास फुटांची मर्यादा ओलांडण्याचा पहिला मार्ग म्हणजे मोडेम. १९६२ च्या ‘बेल १०३’ने सेकंदाला ३०० बिट्सच्या वेगाने संकेतांचे सूर केले आणि ते टेलिफोनच्या तारेवरून पाठवले. परंतु प्रत्येक टर्मिनलमागे एक स्वतंत्र तार हा खर्च परवडणारा नव्हता. मग मल्टिप्लेक्सर आले. अनेक टर्मिनलांची अक्षरे एकाच भाड्याच्या तारेत गुंफायची आणि पलीकडे पुन्हा सोडवायची.

१३/ भारतात ही रचना सामान्य माणसाच्या नजरेस पडली ती रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर. तोपर्यंत आरक्षण म्हणजे जाडजूड नोंदवह्या होत्या; ज्या गाडीची वही ज्या खिडकीत, तेथेच रांग. सी.एम.सी. या सरकारी कंपनीने तयार केलेली ‘इम्प्रेस’ ही प्रणाली १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि मग मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे गेली. आत ‘व्हॅक्स’ संगणक, बाहेर खिडकीत हिरव्या-पांढऱ्या अक्षरांचे टर्मिनल.

१४/ त्या टर्मिनलला स्वतःची बुद्धी नव्हती. दाबलेले अक्षर संगणकाकडे धाडायचे आणि आलेले अक्षर पडद्यावर दाखवायचे, एवढेच त्याचे काम. म्हणूनच ते दूरच्या गावीही नेता आले. मुंबईच्या संगणकाच्या दृष्टीने शेजारच्या खोलीतील खिडकी आणि शेकडो किलोमीटरांवरची खिडकी यांत फरक नव्हता. पुढे ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली बनवली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. मात्र तार तुटली की खिडकी आंधळी होई. रांगेतील माणसाला ‘लिंक नाही’ हे शब्द तेव्हाच पाठ झाले.

१५/ जिल्ह्याच्या ठिकाणी संगणक नेण्याचे मोठे काम ‘निकनेट’ने केले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र उभे राहिले, डॉ. एन. शेषगिरी हे त्याचे शिल्पकार. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या केंद्राने देशभरातील जिल्हा मुख्यालयांत उपग्रहाशी बोलणाऱ्या लहान तबकड्या बसवायला सुरुवात केली. ज्या जिल्ह्यांत साधा ट्रंककॉल लागायला तासन्‌तास जात, तेथून आकडे दिल्लीला जाऊ लागले. १९८९ आणि १९९१ च्या लोकसभा निवडणुकांचे निकाल गोळा करण्यातही हे जाळे वापरले गेले.

१६/ अशा जाळ्यांत अक्षरे ‘पाकिटां’त भरून पाठवली जात. साध्या टर्मिनलला पाकीट बांधता येत नाही. म्हणून मध्ये एक मध्यस्थ लागतो. त्या काळच्या ‘एक्स.२५’ मानकात या मध्यस्थाला ‘पॅड’ म्हणत, म्हणजे पाकिटे बांधणारा आणि सोडणारा. आजच्या काट्याशेजारची छोटी पेटी ही या ‘पॅड’चीच नात आहे. काम तेच : एका बाजूला रांगेने येणारी अक्षरे, दुसऱ्या बाजूला पाकिटे.

१७/ त्याच सुमारास ‘डिजिटल’ या अमेरिकन कंपनीने ‘डेकसर्व्हर’ नावाच्या पेट्या आणल्या. आठ-दहा टर्मिनले पेटीला जोडायची आणि पेटी इथरनेटला. त्यासाठीची ‘लॅट’ ही पद्धत वेगवान होती, परंतु तिच्यात एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात वाट काढण्याची सोयच नव्हती. इमारतीत उत्तम, गावाबाहेर निरुपयोगी. नावातच ‘लोकल’ होते.

१८/ वाट काढण्याची सोय होती ती ‘टेलनेट’मध्ये. १९६९ मध्ये या पद्धतीची पहिली मांडणी झाली आणि मे १९८३ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी तिचे मानक लिहिले. त्यात एक सुंदर कल्पना आहे : दोन्ही टोकांनी एक काल्पनिक टर्मिनल मानायचे. प्रत्यक्ष यंत्र कोणतेही असो, जाळ्यावर सगळे त्या काल्पनिक यंत्राच्या भाषेत बोलतील. जगातील वेगवेगळी टर्मिनले यामुळे एकमेकांना समजू लागली.

१९/ भारतातील विद्यार्थ्यांनी या काल्पनिक टर्मिनलचा अनुभव १५ ऑगस्ट १९९५ नंतर घेतला. विदेश संचार निगमाने त्या दिवशी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत मिळणारे खाते केवळ मजकुराचे होते. घरचा संगणक सिरीयल पोर्टमधून मोडेमशी, मोडेम फोनशी, आणि पलीकडे निगमाचा युनिक्स संगणक. स्वतःचा संगणक असूनही वापरणारा दुसऱ्याच्या यंत्राचे टर्मिनल बनून बसे. ज्या गावी केंद्र नव्हते तेथून एस.टी.डी.चा मीटर पळत राही.

२०/ टेलनेट अक्षरे नेई. खुणा नेत नसे. माणूस टंकित करत असेल तर चालून जाते, यंत्राचे तसे नाही. संगणकाने ‘आता ९६०० च्या वेगाने बोल’ म्हटले, तर ही आज्ञा अक्षर नाही. ती पोर्टला दिलेली सूचना आहे. जाळ्यापलीकडच्या पोर्टला ती कळणार कशी? मापाऱ्याचा पुकारा फोनवरून ऐकू येतो, पण त्याचा हात दिसत नाही; तशी ही गत.

२१/ ऑक्टोबर १९९७ मध्ये सिस्को कंपनीतील ग्लेन क्लार्क यांनी यावर एक छोटा मसुदा प्रसिद्ध केला : आर.एफ.सी. २२१७. टेलनेटच्या आतच ४४ क्रमांकाचा नवा पर्याय त्याने सुचवला. वेग, अक्षराची लांबी, समता-बिट, ‘सज्ज आहे’ची तार उचल किंवा खाली ठेव, पलीकडे फोन ठेवला गेला का ते कळव, या साऱ्या खुणा आता पाकिटांतून जाऊ लागल्या. हा मसुदा ‘प्रायोगिक’ म्हणून आला, आणि आजही तोच सर्वत्र वापरात आहे.

२२/ संगणकाच्या बाजूला उरलेले काम एक चालक-प्रणाली करते. ती ‘कॉम-५’ यासारखा एक पोर्ट निर्माण करते, जो प्रत्यक्षात नाही. वजनाची जुनी आज्ञावली नेहमीप्रमाणे तो पोर्ट उघडते. तिने दिलेली प्रत्येक आज्ञा चालक-प्रणाली जाळ्यावरून पेटीकडे धाडते आणि पेटी खऱ्या पोर्टवर ती अमलात आणते. आज्ञावलीची एक ओळही बदलावी लागत नाही. वीस वर्षांपूर्वीचा काटा आणि सिरीयल पोर्ट नसलेला नवा संगणक यांची गाठ अशी घातली जाते.

२३/ तरीही एक गोष्ट जाळ्यावरून जशीच्या तशी जात नाही : शांतता. १९७९ मध्ये ‘मॉडिकॉन’ने कारखान्यांतील यंत्रांसाठी ‘मॉडबस’ ही भाषा बनवली. तिच्या मूळ रूपात संदेश संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतका विराम. केबलवर हा विराम स्पष्ट कळतो. जाळ्यावर मात्र पाकिटे कधी थबकतात, कधी एकत्र गोळा होऊन येतात. मध्येच नसलेला विराम निर्माण होतो आणि असलेला पुसला जातो. म्हणून पेटीला ‘किती अक्षरे जमली की पाकीट बांधायचे, किती वेळ वाट पाहायची’ हे सांगावे लागते. जवळीक भासवता येते. अंतर नाहीसे करता येत नाही.

२४/ दुसरा धोका अधिक गंभीर आहे. टेलनेटवरून जाणारा मजकूर उघडा असतो; जाळ्यात शिरलेला कोणीही तो वाचू शकतो. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनच्या वीजवितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील सिरीयल-ते-इथरनेट पेट्यांची मूळ आज्ञावलीच बिघडवून टाकली. यंत्रे धडधाकट होती, परंतु त्यांच्याशी बोलण्याचा मार्ग उरला नाही. कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांवर जाऊन हाताने वीज सुरू करावी लागली. सर्वांत दुर्लक्षित पेटी सर्वांत नाजूक ठरली.

२५/ आता पुन्हा फाटकाशी. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार मराठीत उगाच रुळलेला नाही. दांडीवरच्या बोटाची भीती त्यामागे आहे. काट्याचा आकडा थेट संगणकात गेला तर मध्ये लिहिणारा हात राहत नाही, हा मोठा लाभ. वैध मापन कायदा, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्यानुसार काट्याची पडताळणी होऊन त्यावर शासनाची मुद्रा लागते. परंतु आकडा काट्यातून बाहेर पडल्यावर पेटी, जाळे आणि आज्ञावली यांतून जातो. विश्वासाची साखळी लांबते आणि तिची नवी कडी शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

२६/ यावरचा उपाय जुनाच आणि साधा आहे. दर्शक-यंत्राचा पडदा गाडीवानाला दिसेल असा असावा, आणि पडद्यावरचा आकडा व हाती आलेल्या पावतीवरचा आकडा जुळतो का, हे त्याने तेथेच पाहावे. पेटीचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदललेला असावा आणि ती उघड्या इंटरनेटवर नसावी, हे मालकाने पाहावे. पहिले काम दहा सेकंदांचे, दुसरे दहा मिनिटांचे.

२७/ १८७० मध्ये तारेने लिव्हरपूल जवळ आणले, पण भाव आधी कळला तो तारघराच्या पायरीवर उभे असणाऱ्याला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब हा रुंद लोहमार्ग खुला झाला आणि यवतमाळकडे येणारी मोठी रेल्वे जिल्ह्यात शिरली. जाळी जिल्ह्यापर्यंत येतच आहेत. दूरचे यंत्र जवळचे भासवणारी प्रत्येक युक्ती उपयोगाची आहे. मात्र ते कोणाच्या जवळ आले, हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा लागतो. काट्यापाशी त्याचे उत्तर पडद्याच्या तोंडाची दिशा देते. (समाप्त) #यवतमाळ #संगणकाचा_इतिहास